घसा बसल्यानंतरचे सामने

७ एप्रिल, सोमवार

आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही. ही वेळ डॉक्टरीणबाईंनी आणली. घशात नळी घालून त्यांनी पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले आणि विचारलं, "काम काय करता?" मी कसंबसं सांगितलं, दिवसा बस डेपोत आणि रविवारी फुटबॉलचा गोली. "म्हणजे दोन्हीकडे ओरडता," त्या म्हणाल्या. तंतूंवर गाठी आल्यात. घाबरण्यासारखं काही नाही, पण महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने म्हणे जास्त ताण पडतो. ऐकलं नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कसा राहील ते त्या सांगू शकत नाहीत.

बायको शेजारी बसली होती. तिने विचारलं, "महिना पुरेल ना? हवं तर जास्त सांगा." गंमत करत असावी.

बाहेर आल्याआल्या तिने पर्समधून ही डायरी काढली, तिच्या ऑफिसात उरलेली. "जे तोंडातून बाहेर पडणार असेल ते ह्यात ओता," म्हणाली. घरी लेकीने तिची बालवाडीतली पाटी आणि खडू काढून ठेवले होते. दोघींची तयारी आधीपासून झाल्यासारखी वाटली.

आणि हे सगळं कधी, तर काल आम्ही खालच्या गटात उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. सहा सामने बाकी आहेत, पण सहाही जिंकले तरी आमच्या वरचा संघ आता हाताला लागत नाही. पुढच्या मोसमात खालचा गट. काल चार गोल खाल्ले, तरी मी शेवटच्या शिट्टीपर्यंत ओरडत होतो. मैदानावर मला भोंगा म्हणतात. प्रेमाने म्हणतात.

आमचे कोच, म्हणजे सर, सामन्यानंतर म्हणाले, "आता नव्याने बांधणी करावी लागणार. तुला ठेवायचं का, ठेवलं तर कॅप्टन म्हणून ठेवायचं का, ते शेवटचा सामना झाला की बोलू." इतकी वर्षं ह्या क्लबात काढली, ह्या मैदानाशिवाय लोक रविवारी काय करतात हे मला खरंच माहीत नाही. आणि आता स्वतःला सिद्ध करायचं ते तोंड बंद ठेवून.

९ एप्रिल, बुधवार

डेपोत माझं काम गाड्या जागेवर लावून घ्यायचं. मी मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे, बास!" म्हणतो आणि ड्रायव्हर मागे घेतो. आज नुसते हातवारे केले. दुसऱ्याच गाडीने तेलाचं रिकामं पिंप चेपलं. ड्रायव्हर आरशात बघतच नव्हता, माझ्या आवाजाची वाट बघत होता. खाली उतरून म्हणाला, "अहो, सांगायचं तरी!" पाटी घरी राहिलेली. मी पिंपाकडे बोट दाखवलं, मग घशाकडे. त्याने कपाळावर हात मारला.

एक मात्र सिद्ध झालं. आवाज नसला की नुकसान होतं. रविवारी आमचं काय होणार ते दिसतंच आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

सरावाच्या आधी सरांनी सगळ्यांना सांगितलं की भोंगा महिनाभर बंद. मागून कोणीतरी टाळी वाजवली. डास मारला असेल.

मी जेवणाच्या सुट्टीत इशाऱ्यांची भाषा तयार केली होती, ती करून दाखवली. उजवा हात वर म्हणजे पुढे सरका, दोन्ही हात म्हणजे मागे या, वगैरे. आमचा मधला बॅक, ज्याला उंचीमुळे सगळे खांब म्हणतात, त्याने शांतपणे विचारलं, "पण दादा, तुम्ही आमच्या मागे असता. आम्ही बघायचं कसं?" मुद्दा होता. मी पाटीवर लिहिलं, "अधूनमधून वळा."

डावा बॅक नुसती मान डोलवत होता. त्याचं नाव मीच मुक्या ठेवलंय. आमच्याकडे येऊन दोन मोसम झाले, पण मैदानावर तोंडातून शब्द काढत नाही. पायात जान आहे, पण चेंडू आला की आधी माझ्याकडे बघतो. मी सांगितल्याशिवाय हलायचं नाही, असा स्वभाव. अशा माणसाचं माझ्या आवाजाशिवाय कसं होणार?

१३ एप्रिल, रविवार

०-०. हरलो नाही! कसं काय ते कळत नाही.

इशारे एकानेही पाहिले नाहीत. हात वर करून करून माझे खांदे भरून आले. सुरुवातीला मैदान इतकं शांत होतं की प्रेक्षकांतल्या एका बाईंचं फोनवरचं भांडण मला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. मग खांब आणि उजवा बॅक आपसांत काहीतरी बोलायला लागले. भर सामन्यात गप्पा! कॅप्टन गप्प बसला की शिस्त बिघडते ती अशी. तरी गोल झाला नाही. समोरच्यांचाच दिवस खराब असणार.

१६ एप्रिल, बुधवार

लेक गणितात नापास. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सरळ सांगून टाकलं. एरवी अशी बातमी मला तिच्या आईकडून कळते, तीही शिळी झाल्यावर. माझं डोकं फिरलं. तोंड उघडलं, डॉक्टरीणबाई आठवल्या, मिटलं. पाटी घेतली तर खडू सापडेना. तो सोफ्याखाली गेलेला. आडवा पडून काढेपर्यंत राग निम्मा झाला, आणि एवढ्याशा पाटीवर माणूस लिहून लिहून काय लिहिणार? शेवटी लिहिलं, "कुठलं अडलं?"

ती पाटीकडे बघतच राहिली. मग जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. गणितावरून शाळेवर गेली, शाळेवरून मैत्रिणीवर, तिथून पोहण्यावर. ती छान पोहायची, एका मोसमात अचानक सोडलं. "तेव्हा ना बाबा..." म्हणाली आणि थांबली. "जाऊ दे." मला आजवर वाटत होतं की तिला गार पाणी बाधतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे भरले होते. नापास झाल्याचं तिलाही लागलं असणार.

२० एप्रिल, रविवार

जिंकलो. १-०. ह्या मोसमात जिंकायची चव विसरलो होतो. शिट्टी झाल्यावर मला ओरडता येईना म्हणून मी खांबाला उचलायला गेलो. तो काही उचलला गेला नाही, कमरेत मात्र उसण भरली.

जेवायला मेहुणा आला होता. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे. म्हणाला, "भाऊजी, रागावू नका, पण उतरल्यावर जिंकून मिळतं काय? गाडी सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर धावलात तर व्यायाम होतो, एवढंच."

"व्यायाम तरी होतो ना," बायको म्हणाली.

"अगं पण ताई, समोरचे मन लावून खेळतच नाहीत आता. ह्यांच्याशी जिंकले काय, हरले काय, त्यांना फरक पडत नाही."

मला ह्यावर सणसणीत उत्तर सुचलं होतं. ते लिहून होईपर्यंत तो रंगाच्या डब्यांच्या भावावर गेला होता. मी पाटी पुसली. आता बसून विचार करतोय तर उत्तर आठवत नाही, आणि त्याचं बरोबर आहे की काय, असं वाटायला लागलंय. गुणतक्त्यात आम्ही होतो तिथेच आहोत. जिंकल्याने एक पायरीसुद्धा वर गेलो नाही. मग ड्रेसिंग रूममध्ये सगळे गात का होते? आणि मला इतकं बरं का वाटलं?

२७ एप्रिल, रविवार

३-१! मी नुसता चक्रावलोय.

मैदानाचं गवत ह्या आठवड्यात बारीक कापलंय, त्याने चेंडू पळतो. उतरल्यामुळे मनावरचं ओझंही गेलं, सर तसंच म्हणतात. शिवाय माझे इशारे. कोणी बघत नाही हे खरं, पण मागे कोणीतरी हात हलवतोय ही जाणीवसुद्धा पुरत असेल.

एक चमत्कारिक गोष्ट लिहून ठेवतो. दुसऱ्या हाफमध्ये डावीकडून उंच चेंडू आला आणि कोणीतरी "माझा!" म्हणून दणकून ओरडलं. आवाज ओळखीचा नव्हता. समोरचा खेळाडू असेल असं समजून मी पुढे धावलो, तर मुक्या! त्याने उडी मारून चेंडू डोक्याने पार मधल्या रेषेपर्यंत घालवला. दोन मोसमांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. चांगला जाड आहे. त्याच्या अंगकाठीला शोभत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

दिवसभर एक विचार डोक्यात घोळतोय. तो लिहूनच टाकावा. मोसमभर भोंगा चालू होता तेव्हा आम्ही हरत होतो. भोंगा बंद झाला आणि आम्ही जिंकतोय. ह्याचा अर्थ

डेपोतलं पिंप विसरून चालणार नाही.

४ मे, रविवार

आज गटातला पहिला संघ आला होता. त्यांना विजेतेपदासाठी जिंकणं भागच होतं, म्हणजे मन लावून न खेळण्याचा प्रश्नच नव्हता. १-० ने हरवून परत पाठवलं. मेहुण्याला फोन लावून त्याचं तोंड बंद करायची फार इच्छा होती, पण माझंच बंद. बायकोला पाटीवर निरोप लिहून दिला. तिने फोन लावला, "हे म्हणतात, आता बोल." तो म्हणाला, "पहिल्या नंबरवाल्यांना दडपण येतं, ताई. तुमच्यावर कसलंच नाही." ह्या माणसाला कोणी हरवू शकत नाही.

आज मला कामच नव्हतं. दोन चेंडू अडवले, तेही साधे. बाकीचं माझ्यापर्यंत आलंच नाही. खांब बोलतो, उजवा बॅक बोलतो, मुक्या तर आता थांबतच नाही. मी खांबाला टेकून उभा होतो, म्हणजे गोलच्या. छान वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. कॅप्टनची पट्टी दंडावर आहे की गळून पडली, हे मी दोनदा चाचपून पाहिलं.

८ मे, गुरुवार

सराव संपल्यावर मुक्या माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. "दादा, कडेवरून उंच क्रॉस आला की तो कुठे पडणार हे तुम्हाला इतक्या लवकर कसं कळतं?" प्रश्न चांगला होता. मला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. मारणाऱ्याच्या पायाकडे नाही, खांद्याकडे बघायचं, हे मी चित्र काढून दाखवलं. चित्र बटाट्यासारखं झालं, पण त्याला समजलं. जाताना म्हणाला, "कधीपासून विचारायचं होतं. पण..." मी पाटीवर "पण काय?" लिहीपर्यंत तो बूट हातात घेऊन निघून गेला होता.

पाटीचा हाच त्रास आहे. सगळे अर्धवट बोलून जातात.

११ मे, रविवार

१-१. पोटरी धरली आहे. आज लिहीत नाही.

१४ मे, बुधवार

गाठी गेल्या! डॉक्टरीणबाईंनी "आ" करायला लावलं, मग माझं नाव सांगायला लावलं, मग म्हणाल्या, "छान. बोला आता. ओरडणं जपून." मी बायकोला म्हटलं, "चला!" महिन्याभरातला पहिला शब्द. ती "हं" म्हणाली आणि पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. काय शोधत होती ते सापडलं नाही बहुतेक.

घरी लेक तिच्या शाळेतल्या कुठल्याशा भानगडीबद्दल आईला सांगत होती. मी दारातूनच "काय गं, काय झालं?" विचारलं. दचकली. "अरे वा, बाबा, आवाज आला," म्हणाली. आनंदच झाला असणार. मग अभ्यास आहे म्हणून आत गेली. भानगड राहूनच गेली.

१६ मे, शुक्रवार

सरावाला जाऊन जाहीर केलं, "भोंगा चालू!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डास मारल्यासारख्या नव्हत्या, पण जोरही नव्हता. खांब "बरं झालं, दादा" म्हणाला. मुक्या बुटाची नाडी बांधत होता, ती बराच वेळ बांधली जात होती. सर म्हणाले, "रविवारी जपून." जपून कसलं? महिनाभर साठवून ठेवलंय ते कशासाठी? रविवारी येणारा संघ काठावर आहे. जिंकले तर गटात राहतील, नाही तर आमच्याबरोबर खाली. म्हणजे जीव तोडून खेळणार. आणि त्यानंतर माझा फैसला. ह्या सामन्याला अर्थ नाही असं मेहुण्यानेसुद्धा म्हणू नये.

१८ मे, रविवार

हरलो. १-२.

नीट लिहायचा प्रयत्न करतो, कारण मला ते नीट समजून घ्यायचंय.

पहिल्या मिनिटापासून सुरू केलं. खांब, डावीकडे! मुक्या, मागे! मागे! आता पुढे! आवाज मस्त लागला होता. थोड्या वेळाने डावीकडून क्रॉस आला. मुक्या त्याच्याकडे झेपावतच होता. मी ओरडलो, "थांब!" तो जागच्या जागी थांबला. मला वाटलं मी पोचतो. नाही पोचलो. गोल. दुसरा गोल झाला तेव्हा मी खांबाला त्याने आधी काय चुकवलं ते सांगत होतो. समोरच्यांनी फ्रीकिक पटकन घेतली. खांब माझं ऐकत होता, मी बोलत होतो, आणि चेंडू जाळीत.

हाफटाइमला ड्रेसिंग रूममध्ये कोणी बोलेना. ही शांतता माझ्या ओळखीची होती. मोसमभर अशीच असायची. मला वाटायचं, सगळे माझं ऐकतायत.

सरांनी विचारलं, "घसा कसा आहे?"

"ठणठणीत."

"बरं," म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले. खांबाने न मागता माझ्यासमोर खोकल्याची गोळी ठेवली.

दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तसाच क्रॉस आला. मी तोंड उघडलं आणि माझं लक्ष मुक्याकडे गेलं. तो चेंडूकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. डेपोतला तो ड्रायव्हर आरसा सोडून माझ्या आवाजाची वाट बघत होता, अगदी तसा. मी तोंड मिटलं. तो क्षणभर घुटमळला, मग वळला, "माझा!" म्हणून ओरडला आणि चेंडू डोक्याने बाहेर काढला.

त्यानंतर मी शब्द बोललो नाही. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग खांब सुरू झाला, मग उजवा बॅक, आणि हळूहळू पुढचेसुद्धा. मी मागे उभा राहून ऐकत होतो. इतके वेगवेगळे आवाज आमच्या संघात आहेत. आम्ही एक गोल फेडला. दुसऱ्यासाठी फार धडपडलो, पण वेळ संपला.

ते लोक आमच्या मैदानावर लोळत होते, रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. ते राहिले. आम्ही तर कधीच उतरलो होतो. तरीही आमचा मुक्या हमसून हमसून रडत होता. का? त्याचं ह्या सामन्यात काय जाणार होतं? मला विचारता आलं असतं, आता आवाज आहे. मी विचारलं नाही. शेजारी जाऊन बसलो.

घरी मेहुणा म्हणाला, "बघा भाऊजी, शेवटी हरलातच." मी सवयीने पाटी शोधायला लागलो.

२१ मे, बुधवार

सरांनी प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या त्यांच्या खोलीत बोलावलं होतं. तिथे मलमाचा आणि ओल्या जाळ्यांचा वास असतो, बसायला एकच धड खुर्ची. ती त्यांनी मला दिली. "बोल," म्हणाले.

मी पिशवीतून पाटी काढली.

"अरे, परवा तर ठणठणीत होता!"

मी लिहिलं, "परत बसला."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलंय?"

मी लिहिलं, "एक मोसम."

सरांनी पाटी पुन्हा वाचली. मग रुमाल काढून नाक शिंकरलं. "गोलमध्ये उभा राहशील ना पण?" मी मान हलवली. "आणि पट्टी?" ती मी बरोबरच नेली होती, धुऊन. टेबलावर ठेवली आणि पाटीवर लिहिलं, "मुक्या." ते बरोबर वाटेना. पुसून लिहिलं, "डावा बॅक."

मैदानातून बाहेर पडताना वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. भूक लागली. मला अजून सगळं समजलेलं नाही. सगळं हातचं गेल्यावर जिंकलेले ते सामने खरे होते की नुसता व्यायाम, हे मेहुण्याला पटवून द्यायला सांगितलं तर मला जमणार नाही. आणि हे मी किती दिवस निभावणार, तेही माहीत नाही. उद्या डेपोत तर बोलावंच लागेल, पिंपं महाग झालीत.

घरी आलो आणि पाटी टेबलावर ठेवली. लेक म्हणाली, "परत?" मी घशावर हात ठेवून मान हलवली. तिने आईकडे पाहिलं. गाठी गेल्याचं त्या दिवशी बायकोने माझ्या शेजारी बसून स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"हो, परत," बायको म्हणाली, आणि फडताळातून खडूची नवी पेटी काढून माझ्यासमोर ठेवली.

लेकीने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. "बाबा, मी पोहणं का सोडलं ते सांगू? मध्ये काही लिहायचं पण नाही हं."

मी खडू खाली ठेवला.